ठकुबाईंची माहेरवाशीण

चाकणच्या अलीकडे कंपनीची भिंत उभी राहिली आणि ओढ्याचं पाणी ठकुबाईंच्या परसात तुंबलं. गावाने डासांच्या नावाने बोटं मोडली. ठकुबाईंची मात्र घरबसल्या करमणूक झाली. मागच्या दारी भांडी घासताना त्या पाणकणसातले बगळे, बेडूक, दिवड बघत बसत. भांडी कमी, बघणंच जास्त. सून अनिता शिफ्टवरून परतली तरी कढई खरकटीच असायची.

यंदा पावसात तिथे पाणकोंबडीने घरटं केलं. काळी पाठ, पांढरी छाती, शेपटी उडवत चालायची.

"लेक आलीया माझी, बाळंतपणाला," ठकुबाई सगळ्यांना सांगायच्या.

एका संध्याकाळी त्यांचे मालक गेनूतात्या म्हणाले, "भावकी उद्या मुरूम टाकतीया. डबकं बुजणार."

घरात एक कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसलेलीच होती. मग आमच्याकडची कुठलीही बाई करेल तेच ठकुबाईंनी केलं. चिखलात उतरल्या, पाणकोंबडीची अंडी पदरात घेतली आणि खुडूक कोंबडीखाली नेऊन ठेवली. बदकाची पिल्लं त्यांनी अशीच काढली होती.

सकाळी डंपर आलेच नाहीत. भावकीतच जुंपली आणि मुरूम राहिला. पाणकोंबडी मात्र रिकाम्या घरट्याभोवती ओरडत फिरत होती.

"आत्या, अंडी परत ठेवा की," अनिता म्हणाली.

"माणसाचा हात लागलाय. आता न्हाई शिवायची ती."

ही पळवाट नव्हती. लहानपणापासून त्यांनी हेच ऐकलं होतं आणि त्यावर त्यांचा विश्वास होता. पण घास मात्र गोड लागेना.

थोड्याच दिवसांत पिल्लं निघाली, काजळासारखी काळी. कोंबडी उकरून कण्या दाखवायची आणि पिल्लं तिच्या चोचीकडे तोंड करून थांबायची. त्यांना आईने भरवायला हवं होतं आणि कोंबडीच्या जातीला भरवणं ठाऊक नाही. ठकुबाईंनी गांडुळं चिरून चारली, भिजल्या कण्या चोचीत घातल्या. तरी एकेक पिल्लू मान टाकत गेलं. शेवटी एकच उरलं.

ते त्यांनी पदरात घेतलं आणि काठावर नेऊन ठेवलं. मरायचंच तर आपल्या पाण्यापाशी मरू दे, एवढंच मनात होतं. पिल्लू चिवचिवलं. पाणकणसातून पाणकोंबडी धावत आली आणि माणसाने हाताळलेलं ते पिल्लू तिने सरळ पोटाशी घेतलं.

"शिवली की गं," म्हणत ठकुबाई चिखलातच बसल्या. म्हणजे त्या सकाळी अंडी परत ठेवली असती, तर सगळी जगली असती.

पाणकोंबडी पिल्लाला आत घेऊन गेली. मग पुन्हा काठावर आली आणि ठकुबाईंकडे बघत ओरडू लागली. आत जायची, परत यायची.

"बाकीची मागतीया," ठकुबाई मागे येऊन उभ्या राहिलेल्या अनिताला म्हणाल्या आणि त्यांनी रिकामा पदर पाणकोंबडीपुढे पसरला. अंधार पडेपर्यंत ती येतच राहिली.