चार जादा धावा

रेवदंड्याच्या वाळूवर ओहोटी लागली की आमची पोरं क्रिकेट खेळायची. बॅट सगळ्यांना हवी, धावा मोजायला कुणी नको. मी चौथी पास, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. कानावर पेन्सिल खोचून मी अशी बसायची, जणू मुंबईहून मला खास बोलावून आणलंय! आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मात्र बजावलं होतं, "हिशेब चुकला तर उद्यापासून आईसंगं बोंबील वाळवायचे. तिकडं फिरकायचं न्हाय."

त्या दिवशी मिठागरांकडच्या गावची पोरं खेळायला आली होती. त्यांच्या धावा लिहिणारे काका माझ्याच चटईवर बसले. देव त्यांचं भलं करो. दर ओव्हरला विचारायचे, "पोरी, जुळवून बगायचं का?"

"माझं चुकत न्हाय!" काय तो माझा तोरा!

आमचा डाव संपला. मी ओरडले, "चौऱ्याऐंशी!"

काका म्हणाले, "माजे ऐंशी."

झालं! पोरं स्टंप उपटून हमरीतुमरीवर आली. माझा थोरला भाऊ आमचा कप्तान. तो गरजला, "आमची पोर खोटं लिहील काय?"

"खोटं कोन म्हनतंय? पोरी, मोठ्यानं मोज बगू."

दर धावेला मी एक रेघ ओढली होती. बोट ठेवत मोजायला लागले. "अठरा, एकोणीस, वीस, वर एक..."

"ह्यो वर एक कुठला गो?"

माझं बोट त्या रेघेवरच अडलं. बाजारात आईचे सुके बोंबील मीच मोजून द्यायची. विसावर एक गिऱ्हाइकाला जादा, ही आमची रीत. माझ्या हातानं तीच रीत इथं चालवली होती, दर वीस रेघांवर एक रेघ जादा. केवढी मी दानशूर! आमचीच पोरं आधी हसली. त्यांच्या घरी तरी वेगळं कुठं मोजायचे?

"तूच खोड," काका म्हणाले. "वही तुजी हाय."

नाक ओढत चार रेघा खोडल्या. दुसऱ्या डावात मात्र दर ओव्हरला मीच विचारत होते, "काका, जुळलं?" भरतीचं पाणी पायाला लागायच्या आत त्यांच्या पोरांनी एक्क्याऐंशी केले.

दादा भडकला. "चल घरी! सांगतो आबांना. उद्यापासून बोंबील!"

काका चपलांतली वाळू झटकत म्हणाले, "कप्तान, पुढल्या टायमाला ही नसंल तर आमी येनार न्हाय. आपल्याच गावचे चार रन खोडले हिनं. अजून काय पायजे?"

वाटभर दादा बॅट फरफटत पुढं चालला. दारात आबांनी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "हरलो. पन हिशेब जुळला."

लग्न होईपर्यंत मी त्या वाळूवर बसले. काका आले की ओव्हर संपते न संपते, तोच माझी वही त्यांच्या मांडीवर.