बारशाला आत्या नव्हती

लंकाबाई माझी सख्खी आत्या. हे मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मोठ्याने बोललो. त्याआधीची पंचेचाळीस वर्षं आम्ही दोघं एकाच गावात राहत होतो.

मी मूळचा मिरजगावचा. आमची जमीन कोरडवाहू. पाऊस पडला तर ज्वारी, तूर, हुलगे. सोनईच्या अण्णांना एकुलती एक मुलगी होती, पुष्पावती, आणि मुळा धरणाच्या पाटाखाली बारा एकर बागायत होती. त्यांना घरजावई हवा होता. आम्ही चार भाऊ, बहीण नाही. वडिलांनी मला दिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला गोठ्यात नेलं आणि म्हणाले, "सोनईत लंका हाय. समोर आली तर वळख दावायची न्हाई. ती आपली कोनी न्हाई."

लंका म्हणजे त्यांची बहीण. नवऱ्याचा मार खाऊन ती दोनदा माहेरी आली होती आणि दोन्ही वेळा वडिलांनीच तिला परत नेऊन सोडलं होतं. तिसऱ्यांदा ती माहेरी आलीच नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर सोनईकडे गेली, तिथल्या एका बिजवराशी तिने संसार मांडला. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव काढत नसत. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन.

सोनईत आल्यावर अण्णांनी मला कांद्याला पाणी भरायला उभं केलं. पाटाचं पाणी मला नवीन. मी तोंडाकडचा वाफा आधी भरला, मग पुढचा. चिखल झाला, बांध फुटला आणि नुकतीच लावलेली रोपं वाहून गेली. लावणीच्या बायका हसायला लागल्या.

"पाव्हण्यांनी पानी निस्तं तांब्यात बघितलंय," एक जण म्हणाली.

त्यांच्यातली एक उंच बाई चिखल तुडवत आली. माझ्या हातातलं फावडं घेऊन तिने दोन घावांत बांध घातला. "शेवटाकडनं भरीत या, पाव्हणं. पानी म्हागं म्हागं आनायचं." मग फावडं परत देताना हळूच म्हणाली, "गोरख ना तू? कपाळावरची ती खोक मीच बांधली हुती."

मला ओळख पटली होती. मी पाण्याकडे बघत राहिलो. माझं तोंड बघून तिच्या काय ते लक्षात आलं.

"बरं पाव्हणं," म्हणाली आणि आपल्या ओळीत जाऊन बसली.

लंकाबाई अण्णांच्याच रानात रोजाने यायची; तिचं माहेर कुठलं ते सोनईत कोणाला ठाऊक नव्हतं. चारचौघांत तिने मला कधी 'पाव्हणं'शिवाय हाक मारली नाही. बांधावर आम्ही दोघंच असलो की मात्र मी गोरख. मातीला बेताची ओल, म्हणजे वाफसा, आलाय हे कसं ओळखायचं, उसाला पाणी कधी तोडायचं, हे सगळं मला तिने शिकवलं. अण्णांशी कसं वागायचं तेही. "म्हातारा वरडला की लगीच व्हय म्हनू नको. जरा थांब. लगीच व्हय म्हननाऱ्याला तो गडी समजतो."

एकदा हसून म्हणाली, "तू बी सासरीच नांदतोस की रं. फरक येवढाच, तुला कोनी मारीत न्हाई."

मिरजगावला गेलो की मी तिच्यासाठी पिशवीभर हुलगे आणायचो. ती पिशवीत हात घालून कितीतरी वेळ नुसते हुलगे चाळवत बसायची. विहिरीला पाणी आहे का, दारातला लिंब आहे का, विचारायची. भावाबद्दल कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून त्याच हुलग्यांच्या पिठाचे शेंगोळे आणायची. मी ते बांधावर बसून खायचो, तिच्याकडे पाठ करून. रस्त्याने कोणी गेलं तर आम्ही एकत्र जेवतोय असं दिसू नये म्हणून. ती माझ्या पाठीशी बोलत राहायची.

पुष्पावतीने एकदा विचारलं, "त्या बाईचं अन् तुमचं एवढं काय बोलणं असतं?"

"पाण्याचं," मी म्हणालो.

दोन वर्षांनी धनश्री झाली. बारशाला घर भरलं होतं. आमच्याकडे बाळाच्या कानात आत्याने कुर्र करून नाव सांगायचं असतं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या असतात. अण्णांनी सगळ्यांदेखत विचारलं, "जावईबापू, तुमच्याकडनं आत्या कोन उभी ऱ्हानार? बहीन नसली तर लांबची बी चालंल."

मागच्या दारात लंकाबाई मोठ्या पातेल्यातल्या घुगऱ्या उपसत होती. तिचा हात थांबलेला मला दिसला.

मी म्हणालो, "आमच्यात आत्या कोणीच नाही, अण्णा."

मग शेजारच्या केशरबाई उभ्या राहिल्या. बुक्क्या झाल्या, हसणं झालं. लंकाबाई घुगऱ्या वाढत आली. माझ्या ओंजळीत तिने इतरांपेक्षा जास्त घातल्या. ते मला अजून आठवतं.

धनश्री चालायला लागली तशी रानात यायची. लंकाबाई तिला 'राही' म्हणायची. राही माझ्या आजीचं नाव, म्हणजे तिच्या आईचं. आजी वारली तेव्हा वडिलांनी सोनईला निरोपसुद्धा पाठवला नव्हता. एकदा अण्णांनी ते ऐकलं आणि "ही राही कोन?" म्हणून विचारलं. नावावरून नातं उघडं पडेल, असं मला वाटलं. त्याच दिवशी मी बांधावर जाऊन तिला म्हणालो, "पोरीला त्या नावाने हाक मारू नका." एरवी मी तिला अगं-तुगं करायचो. त्या दिवशी 'नका' म्हणालो.

बांधावर आम्ही दोघंच होतो. तरी ती म्हणाली, "बरं पाव्हणं."

पुढे अण्णा गेले. माझे वडीलही गेले. लंकाबाईचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच. आता सांगायला कोणाची हरकत होती? कोणाचीच नव्हती. पण सांगायचं तर बारशाच्या दिवशी खोटं बोललो हे पुष्पावतीला सांगावं लागलं असतं. आज सांगू, पुढच्या वर्षी सांगू, असं करत राहिलो. बोलणं मात्र आमचं वाढतच गेलं. मला काही सुचेना झालं की मी लंकाबाईच्या खोलीवर जायचो. दुसऱ्या कोणाशी मला तसं बोलता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती न्हाणीत पडली. चालणं बंद झालं. पुष्पावती म्हणाली, "एवढी वर्षं आपल्या रानात राबली. एकटी कशी राहील? आपल्या पडवीत आणू."

मी काय बोललो असेन? "लोक काय म्हणतील," म्हणालो.

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे," म्हणत तिने टेम्पो बोलावला.

पाच महिने माझी आत्या माझ्या घराच्या पडवीत परक्या बाईसारखी राहिली. दिवाळीला धनश्री राहुरीहून आली. दुपारी मायलेकी आत करंज्या करत होत्या. मी खाटेशेजारी बसलो होतो.

"आत्या, बारशाला मी खोटं बोललो," मी म्हणालो.

"बोललास. मग?"

"तुझा मान होता."

"मान घेतला की मी." ती भिंतीकडे बघत होती. "समदे जेवाया बसले तवा मी आत गेले. पोर जागीच हुती. कानात कुर्र केलं, राही म्हनलं. पाठीत बुक्की घालाया तेवढं कोनी नव्हतं."

मला वाटत होतं, ती लाडाने राही म्हणायची. ते पोरीचं ठेवलेलं नाव होतं, आणि मी ते तिला घेऊ दिलं नव्हतं.

मी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "राही."

कोणी ओ दिली नाही. मी परत हाक मारली. पुष्पावती बाहेर आली, मागून पिठाच्या हाताने धनश्री.

"कोणाला हाका मारताय?"

मी खाली बघूनच सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. पंचेचाळीस वर्षं लपवलेलं सांगायला पाच मिनिटं पुरली.

"मला पाण्याचं बोलणं म्हणून सांगितलंत," पुष्पावती म्हणाली. "माझ्या आतेसासूला मी रोजावर बोलवत राहिले. बारशाची भांडी घासायला लावली."

ती खाटेच्या मागे गेली आणि वाकून तिने लंकाबाईच्या पाठीत हलकेच एक बुक्की घातली.

"हळू गं," लंकाबाई म्हणाली. "निस्ती हाडं ऱ्हायलीत."

"मग आता मी त्या नावाला ओ द्यायची का?" धनश्रीने विचारलं.

"बघ बया. मी हाक मारीन."

संध्याकाळी लंकाबाईची खाट पडवीतून आतल्या खोलीत गेली. एका बाजूने पुष्पावतीने धरली, दुसऱ्या बाजूने धनश्रीने. मी उठलो होतो, पण मला कोणी हात लावायला सांगितलं नाही.