माझाच पत्ता मी खोडला

"हा चौथा पत्ता कुणाचा?" साहेब माझ्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले.

"माझ्या कॉम्प्युटरचा, सर."

"काढ."

बेळगावातलं खासगी कॉलेज. साहेबांच्या हाताखाली नेटवर्क सांभाळणारे आम्ही चौघं. राउटर खालच्या खोलीत, कुलपात. आम्ही वर जाग्यावर बसूनच त्यात लॉगिन करायचो. पण पासवर्ड कळला तर कॉलेजातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरनं कुणीही आत शिरलं असतं. म्हणून ॲक्सेस लिस्ट लावायची ठरली. ज्यांचे पत्ते लिस्टमध्ये, तेवढेच आत. बाकी सगळे बाहेर. काम माझ्याकडं आलं. मी चौघांचे पत्ते लिहिले.

"का काढायचा, सर?"

"कोट्यातनं शिकलेल्यांच्या हातात किल्ली द्यायची नसते."

बाकीचे दोघं आणि शेजारच्या खुर्चीवरची आक्का आपापल्या स्क्रीनकडं बघत राहिले. आक्का रोज माझ्या डब्यातली भाजी खायची.

आई निपाणीत विड्या वळते. मी इंजिनिअर झाले तेव्हा म्हणालती, "आता तुला कोण भाईर उभं करनार न्हाय." आणि मी माझाच पत्ता खोडत होते.

लिस्ट लागली तरी चालू लॉगिन तुटत नाही. मी अजून आत होते. एक ओळ टाकली असती तर परत लिस्टमध्ये आले असते. टाकली नाही. भ्याले.

"बाहेर पड," साहेब म्हणाले. पडले. परत लॉगिन करून बघितलं. नकार.

त्यानंतर राउटर वरनं उघडेनासा झाला, की मला खाली धाडायचे. तिथं केबल थेट जोडली की लिस्ट आडवी येत नाही. खोलीत खुर्ची नव्हती. मी फरशीवर, लॅपटॉप मांडीवर. साहेब दारात राखणीला. काम झालं की केबल काढून न्यायचे.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पगार येतोय न्हवं? ऱ्हा तशीच."

राहिले. मग एकदा राउटर परत वरनं उघडेना.

"जा गं, बस खाली."

"न्हाय जाणार." गावची बोली आपोआप तोंडात आली. "माझा पत्ता लिस्टमध्ये घाला. न्हायतर का घालत न्हाय ते लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी मला प्रिंटरची शाई भरायला बसवलं. मी प्राचार्यांकडं तक्रार दिली. साहेबांचं कोट्याबद्दलचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. त्यांनी साक्षीला आक्काला बोलावलं. ती म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही."

प्राचार्य मवाळ आवाजात म्हणाले, "राजीनामा दे. दाखला चांगला देतो."

"न्हाय देणार."

लिस्टमध्ये अजून तिघंच आहेत. ती बदलेल असं मला वाटत नाही. नोकरीही टिकायची नाही. पण मी आपणहून जाणार नाही. काढायचं तर त्यांनी कागदावर कारण लिहून काढावं, आणि खाली सही करावी. मग तो कागद घेऊन मी कोर्टात उभी राहणार. साक्षीदार नसला तरी.