अशोककाका आणि घेरलेले रोमन

अशोककाकांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी रागात होते. आम्ही नुकतेच अमेरिकेत, वेस्ट विंडसरला राहायला आलो होतो. माझे पती नितीन शेजारी त्यांच्याकडे शिडी मागायला गेले, ते दुपार टळली तरी परतले नाहीत. मी शोधत गेले, तर बेसमेंटमध्ये दोन मोठी माणसे एका पटावर ओणवी होऊन भांडत होती.

"काका, तुमचं घोडदळ तिथे पोचूच शकत नाही!"

"आधी नियम वाच, मग ओरड." मग माझ्याकडे पाहून काका म्हणाले, "तू मृणाल ना? ये. तुझा नवरा रोम हरतोय, पाच मिनिटं दे."

शिडी दुसऱ्या दिवशी आली.

आपण सारे काकांना मराठी शाळेत गणित शिकवणारे निवृत्त इंजिनिअर म्हणून ओळखता. प्राचीन रोमच्या लढायांचा हा खेळ मात्र थोड्यांनीच पाहिला असेल. प्रत्येक तुकडीची एक पुठ्ठ्याची सोंगटी, तिच्यावर एक आकडा बळाचा, एक धीराचा. धीर संपला की माणसे उरलेली असली तरी तुकडी पळते. जुन्या सोंगट्या फाटल्या, तेव्हा काकांनी नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यांतून नव्या कापल्या. नियमांपुढे ते स्वतःचीही गय करत नाहीत. एकदा त्यांना हवे तेच दान पडले, पण फासा टेबलाखाली गेला होता. त्यांनी तो पुन्हा टाकला आणि हरले.

गेल्या हिवाळ्यात नितीन हृदयविकाराने अचानक गेले. दोघांचा डाव अर्धा राहिला. काकांच्या बाजूच्या कार्थेजने, रोमच्या जुन्या शत्रूने, नितीनच्या रोमनांना घेरले होते आणि चाल नितीनची होती.

त्या दिवसांत हॉस्पिटलपासून अंत्यसंस्कारापर्यंत काका सोबत होते. बर्फ पडला की मी उठण्याआधी माझा ड्राइव्हवे साफ झालेला असे. "काका, या वयात?" म्हटले, तर म्हणाले, "फावडं गंजतंय घरी." सांत्वनाचे एकही वाक्य ते बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची विशेष ऋणी आहे.

पट त्यांनी हलवू दिला नाही. त्यांच्या पंचाहत्तरीच्या जेवणासाठी काकूंना ते टेबल हवे होते.

"अहो, ते रोमन आवरा. माणसं जेवणार कुठे?"

"उभ्याने. चाल मृणालची आहे."

मला खेळ येत नव्हता. दर शनिवारी मी जाई, सोंगटीवर बोट ठेवी, काढून घेई, उठून जिन्यापर्यंत फेऱ्या मारी. डाव संपला की नितीनचे इथले काही बाकी उरणार नव्हते. एकदा मी न राहवून म्हणाले, "काका, बरोबरी मानू या ना."

"नितीनने मला कधी बरोबरी दिली नाही. मी तुला का देऊ?"

मला राग आला. त्या रागातच नियम वाचायला घेतले.

गेल्या शनिवारी मी मधली तुकडी पुढे ढकलली.

"शुअर?"

"हो."

काकांनी फासा टाकला. रोमनांचा धीर संपला. काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"वाईट चाल होती," ते म्हणाले. "नितीननेही हीच केली असती."

मला हसू आले आणि मग आवरेना. आम्ही दोघांनी सोंगट्या डब्यात भरल्या. "पुढच्या शनिवारी तू कार्थेज घे," काका म्हणाले.

अशोककाकांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही माझी प्रार्थना निःस्वार्थ नाही. मला त्यांना हरवायचे आहे, आणि माझा खेळ पाहता त्याला पुष्कळ वर्षे लागतील.