खंडेनवमीला अदलाबदल झालेल्या डिस्क

एका माणसाच्या वडिलांचं बोलणं माझ्या हातून पुसलं गेलं आणि पुढे तीन वर्षं मी त्याला खोटं सांगत राहिलो. दोन्ही चुका माझ्याच.

हिंगोलीत मी लग्नांची शूटिंग करायचो. काम वाढलं तसा घरीच एका जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात चार हार्डडिस्क बसवून सर्व्हर केला. दोन डिस्कांचा एक गट जपून ठेवायच्या कामाचा, दोन डिस्कांचा दुसरा चालू मिक्सिंगचा, म्हणजे एडिटिंगचा. टेपवरचं डिस्कवर उतरवलं की टेप पुन्हा वापरायचो. म्हणजे डिस्कवर असेल तेवढंच शिल्लक.

जपायच्या गटात सेनगावकडच्या एका मेंढपाळाच्या वडिलांचं तासाभराचं बोलणं होतं. त्यांच्या घरच्या लग्नात नवरदेव यायला उशीर झाला, तेव्हा मेंढपाळ मला म्हणाला, "भाऊ, कॅमेरा रिकामाच हाय तर आमच्या बापाचं घ्या की. दिसत न्हाई त्याला, पण बोलतो लई."

म्हातारा मेंढरांच्या वाटा सांगत गेला. कोणत्या शेतकऱ्यानं खतासाठी कळप रानात बसवून घेतला, कोणी काठी घेऊन हाकललं, कोणत्या विहिरीचं पाणी मेंढरं तोंडात धरत नाहीत. पुढे मी सीडी देऊ लागलो तर मुलगा हसला. "आमच्याकडं टीव्ही कुठंय? अन् मेंढरामागच्या पिशवीत सीडी टिकंल व्हय? तुमच्यापाशीच राहू द्या. घर बांधलं की नेतो."

लग्नसराईच्या तोंडावर चालू कामाचा गट भरत आला. जपायच्या गटातली एक डिस्क तिकडे द्यायची मी ठरवली. सुरुवात नीट केली. त्या गटातल्या खालच्या डिस्कवरचं सगळं वरच्या डिस्कवर हलवलं, फायली उघडून पाहिल्या आणि मगच खालची पूर्ण पुसून कोरी केली. आता ती दुसऱ्या गटाला जोडायची तेवढी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अवजारांची पूजा. बायको म्हणाली, "कॅमेऱ्याला कुंकू लावता, मंग त्या डब्यानं काय पाप केलंय?"

मी चारही डिस्क काढल्या, धूळ झटकली, पाटावर मांडून हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दसऱ्याला त्या परत बसवताना जपायच्या गटातली वरची खाली गेली आणि खालची वर. दिसायला चारही सारख्या. प्रत्येकीच्या लेबलवर नंबर छापलेला असतो आणि तो पडद्यावरच्या नंबराशी ताडून पाहिल्याशिवाय डिस्कला हात लावू नये, हे मी इतरांना सांगत असे. पण लेबलवर पूजेचं कुंकू होतं. ते पुसायला मन होईना. मी जागेवरून ओळखली. खालची, म्हणजे कोरी.

यावरचं सगळं जाईल, चालेल का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. मी बेफिकीरपणे 'हो' म्हटलं आणि तिच्यावर दोन लग्नं उतरवली. जपायचा गट उघडला तेव्हा त्यात काहीच नव्हतं. आठ दिवस खटपट केली. एकीवर लग्नं चढली होती, दुसरी मीच पुसली होती.

त्याच थंडीत म्हातारा वारला. त्यांच्या नव्या घरावर पत्रे चढले, टीव्ही आला आणि मुलगा सीडी मागायला आला. मी म्हणालो, "लाइट वरखाली झाली. डिस्क जळाली." आमच्याकडे या गोष्टीवर कोणी शंका घेत नाही. उलट त्यानंच मला धीर दिला. "तुमचं बी लई नुकसान झालं असंल भाऊ."

मग तो बाजाराला आला की डोकावायचा. डिस्क नांदेडला एखाद्या दुरुस्तीवाल्याला दाखवून बघा म्हणाला. पाठवलीय, असं मी सांगितलं. त्यानंतर दर वेळी, "नांदेडहून काही?" आणि माझं, "अजून नाही."

तीन वर्षांनी एकदा चहा घेता घेता तो म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, व्हत नसंल तर. ती जळकी डिस्कच द्या मला. देवघरात ठेवतो. बाप हायच की त्याच्यात."

ती डिस्क तो बसला होता तिथेच शेजारच्या डब्यात चालू होती. एखादी दुसरी बिघडलेली डिस्क त्याच्या हातात देणं सोपं होतं, आणि तसा विचार माझ्या मनात येऊन गेला हेही सांगितलं पाहिजे.

"डिस्क जळाली नाही," मी म्हणालो. "मी पुसली. न बघता. तिच्यावर आता लोकांची लग्नं आहेत."

त्यानं कप खाली ठेवला. "अन् नांदेडची?"

"पाठवलीच नव्हती."

"मंग मी काहून येऊन राहिलो इतके दिवस?"

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "चूक झाली तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही विश्वासानं ठेवायला दिलं ते मी घालवलं, आणि वर तीन वर्षं तुम्हाला आशेवर ठेवलं. ते आता कुठूनही परत येणार नाही. मला माफ करा."