न दबणारे शॉकअप

गाडीला मालक एक असला की तिचे चार किस्से होतात. आमच्या गाडीला नऊ मालक होते. त्यामुळं मला किस्से आठवावे लागत नाहीत, एक काढला की दुसरा आपोआप त्याच्या मागं येऊन उभा राहतो. लोक ऐकून हसतात. हसा बापहो, तुमाला हसायला काय जातंय! चालवत मी होतो. इतकी वर्षं झाली, पण अजून ती गाडी आठवली की माझं टाळकं सटकतं.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. झरीतल्या नऊ जणांनी मिळून मिल्ट्रीच्या लिलावातली एक पिकअप घेतली आणि मला डायवर म्हणून ठेवलं. नवांचे पुढारी रंगनाथराव. सोसायटी नव्हती, काही नव्हतं, पण 'चेअरमन' म्हटल्याशिवाय ते ओ द्यायचे नाहीत.

*

गाडी परभणीच्या मोंढ्याला, धान्याच्या बाजाराला, निघायची त्या दिवशी सकाळपासून माझं भांडण सुरू. तिला पेलेल तेवढा माल भरून झाला की मी म्हणायचो, बस. मग एकेक मालक यायचा. प्रत्येकाचं आपलं एकच पोतं राहिलेलं असायचं. नवांचं एकेक पोतं म्हणजे किती होतं, हे कुणी ध्यानातच घ्यायचं नाही. वरून ज्यांचं परभणीला काम असायचं ते पोत्यांवर बसायचे, आणि ज्यांचं काहीच काम नसायचं ते तर आधीच येऊन बसलेले असायचे.

गाडीचं मागचं अंग जमिनीला टेकायला यायचं आणि तोंड वर उचललं जायचं. स्टेअरिंग इतकं हलकं व्हायचं की पुढची चाकं रस्त्यावर आहेत का नाहीत, मला कळायचं नाही. एकदा मी सरळ खाली उतरलो आणि म्हणालो, मला मरायचं नाही, दुसरा डायवर बघा. चेअरमननी गाडीला एक चक्कर मारली. शांतपणे म्हणाले, "माणिक, तोंड वर करून चालली तर चांगलंच हाय की. लांबचं दिसतंय."

*

मागच्या चाकांपाशी दोन्ही बाजूला एकेक शॉकअप असतो. दिसायला नळकांडं, आत तेल. माल पेलायचं काम पाट्यांचं, म्हणजे खालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं. खड्ड्यातून गेल्यावर गाडी उसळते, तिला आवरायचं काम शॉकअपचं. एवढी साधी गोष्ट. आमच्या गाडीचे दोन्ही शॉकअप कधीच संपले होते, आतलं तेल गळून गेलं होतं. एका खड्ड्यात गेली की गाडी पुढच्या खड्ड्यापर्यंत नाचत जायची.

शिवलिंगअप्पा किराणा दुकानवाले, तेही नवांतले एक. त्यांनी परभणीहून कंदिलाच्या काचांची पेटी आणली. खाली वाळकं गवत, वर गोधडी, सगळा बंदोबस्त केलेला. झरीत पेटी उघडली तर एक काच शाबूत नव्हती. मी मनात म्हटलं, चला, आता तरी ह्यांच्या डोक्यात उजेड पडेल. अप्पांनी त्या काचांकडं बघून लय वेळ विचार केला आणि काचा आणायचंच बंद केलं! अख्खा पावसाळा गावानं पत्र्याच्या चिमणीच्या धुरात काढला, पण शॉकअप काही बदलले नाहीत.

*

मग चेअरमनची लेक सुमन बाळंतपणाला माहेरी आली. आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती. तिला परभणीच्या दवाखान्यात दाखवायला मीच घेऊन गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी चेअरमनला आणि मला दोघांना समोर उभं करून बजावलं, हिला धक्का बसता कामा नये, आणि दिवस भरत आले की कळा यायच्या आधीच इथं आणून ठेवा.

परत येताना गाडी रिकामी होती. सुमन माझ्या बाजूला गादीवर बसलेली. मी माणूस चालेल त्या चालीनं गाडी आणली, तरी तिनं पोटाला दोन्ही हात धरून ठेवले होते. दातांत पदर होता. गावाजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "माणिकदादा, अजून किती राह्यलं?" झरी समोर दिसायली होती.

*

दुसऱ्या दिवशी मी किल्ली चेअरमनच्या पुढ्यात ठेवली. शॉकअप येईपर्यंत गाडी हलणार नाही म्हणून सांगितलं. लगेच नवांची बैठक बसली.

प्रत्येकाला शॉकअपमधलं कळत होतं, फक्त मला सोडून. चेअरमनचं म्हणणं, शॉकअप म्हणजे खांब. छत वाकलं की आपण खांब लावतो, तसंच हे. मी गळा फाडून सांगितलं की तो खांब नाही, तो माल उचलतच नाही. ऐकतो कोण! अप्पांचा तिसराच मुद्दा. ते म्हणाले, डावा जास्ती गेलाय तर डावाच बदला, "उजव्यानं काय गुन्हा केलाय?" आणि ह्यावर चार जणांनी माना हलवल्या!

शेवटी मी म्हणालो की ह्याच गाडीतनं सुमनला न्यायचंय, मालाचं सोडा, तिचं बघा. चेअरमनचा चेहरा उतरला. मग एकदम करड्या आवाजात म्हणाले की घरातलं बैठकीत आणायचं नाही. दोन्ही शॉकअप बदलायचे ठरलं, पण जोडी चेअरमन स्वतः पारखून घेणार. पंचक्रोशीत बैल पारखावा तर त्यांनीच, आता शॉकअपही.

*

परभणीला स्टेशनच्या मागं करीम मिस्त्रीचं दुकान होतं. माणूस तोंडाचा फटकळ, गिऱ्हाइकाला शिव्या दिल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही. त्याच्याकडं दोन जोड्या होत्या. एक नवी, जड गाडीसाठीचीच. दुसरी कुठल्यातरी मोडीत काढलेल्या लष्करी ट्रकची, गंजानं लाल झालेली. ती दाखवायलाही काढली नव्हती, नवीच्या शेजारी फळीवर होती म्हणून दिसली एवढंच.

चेअरमननी धोतर सावरलं, उकिडवे बसले आणि नवा शॉकअप जमिनीवर उभा धरून दोन्ही हातांनी दाबला. तो सावकाश खाली गेला आणि सावकाश वर आला. असाच पाहिजे असतो! मी खूश झालो. चेअरमननी तो बाजूला ठेवला. म्हणाले, "हे दबतंय. माझ्या हातानं दबतंय ते पोत्याखाली काय टिकणार?"

मग त्यांनी गंजका घेतला. हातानं दाबला, पायानं दाबला, शेवटी धोतर खोचून त्याच्यावर अंगाचा सगळा भार टाकला. तो केसाएवढा हलला नाही. चेअरमनचं तोंड असं फुललं की जसा खिलारी खोंडच गावला. करीम मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, "चेअरमनसाब, वो मरेला है. जाम हो गया है, हिलताच नै."

"तेच तर पाह्यजे!" चेअरमन म्हणाले.

मी करीमला डोळ्यांनी खुणावलं की विकू नको. त्यानं मलाच एक शिवी हासडली आणि म्हणाला, जिसको जो मंगता वो ले जाव, मेरेकू क्या. मी तिथंच रस्त्यावर चेअरमनशी भांडलो. लोक जमले. आमच्या भांडणाचा काही उपयोग झाला नाही, फक्त जोडी बसवायला उशीर झाला.

*

परत येताना माझे दात एकमेकांवर आपटायला लागले होते. ते शॉकअप म्हणजे लोखंडी दांडकीच झाली होती. पाट्यांना हलायला जागाच नाही, प्रत्येक दगड थेट मणक्यात. चेअरमन माझ्या बाजूला. दोनदा त्यांचं डोकं टपाला लागलं, रुमाल नाकावर आला. तो रुमाल वर सारून ते म्हणाले, "बघ, गाडी जरा बी बसली न्हाई."

गावात आल्यावर कौतुक सुरू झालं आणि गाडी मजबूत झाली म्हणून दुसऱ्याच दिवशी पोती वाढली. मी पोतं वर घेणाऱ्याचा हात धरला. चेअरमनला म्हणालो, "सुमनला मी ह्या गाडीत बसवणार न्हाई."

"गाडी कुणाची हाय?" त्यांनी विचारलं.

"नवांची."

"मग तू कोण?"

मी धरलेला हात सोडला. घरी गेलो, जेवलो नाही, बायकोवर उगीच ओरडलो.

*

खंडेनवमी आली. सगळ्या गावानं आपापली अवजारं धुतली, पुजली. आमची पिकअपही धुतली. चेअरमननी टायरला, बोनेटला हळदी-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मग स्वतः गाडीखाली वाकून दोन्ही शॉकअपला झेंडूच्या माळा घातल्या. सगळ्या गावासमोर मला पाया पडायला लावलं. मी टायरच्या पाया पडलो, शॉकअपच्या नाही!

करीम मिस्त्री त्या दिवशी झरीला जेवायला आला होता. त्यानं गुडघ्यावर बसून गाडीखाली बघितलं, माळा बघितल्या. उठून हात झटकले आणि चेअरमनला म्हणाला, "अच्छा किया साब. फूल डालनाच बाकी था."

*

सुमनचे दिवस भरत आले. उजाडायला मी गाडी चेअरमनच्या दारात नेऊन लावली. आदल्या दिवशी सगळा माल उतरवून टाकला होता, एका मालकाला जवळ येऊ दिलं नव्हतं. बसायच्या जागी कडबा, कडब्यावर गादी, गादीवर गोधड्या. बसवणार नाही म्हणालो होतो खरं, पण दुसरा काही इलाजच नव्हता माझ्याकडं. चेअरमन मला म्हणाले असते की ने, तर मी नेलं असतं, आणि परभणीपर्यंत एकेक दगडाला त्यांच्या नावानं शिव्या दिल्या असत्या.

सुमन दारात आली. आईच्या खांद्यावर हात होता. तिनं गाडीकडं बघितलं आणि पदर दातांत धरला.

चेअरमन तिच्या मागं उभे होते. ते लेकीकडं बघायले, मग गाडीकडं, मग परत लेकीकडं. आत गेले. मला वाटलं आणखी एखादी उशी आणायला गेले असतील. ते मागच्या दारानं बाहेर पडले होते. थोड्या वेळानं वेशीकडून घुंगरांचा आवाज आला. अप्पांची छकडागाडी घेऊन ते स्वतः पुढं चालत आले. बैलांच्या वेसणी हातात, डोक्याला रुमाल नाही.

पिकअपमधली गादी त्यांनी स्वतःच्या हातानं उचलली आणि छकड्यात अंथरली. मी खाली उतरून बाजूला उभा राहिलो. सुमनला वर बसवलं. मग कासरा त्यांनी माझ्या हातात दिला.

"रस्त्यातले सगळे खड्डे तुलाच पाठ हायत," ते म्हणाले. "बैलं तू हाक."