वाट चुकणारे नकाशे सर

नकाशे सरांचं आडनाव नकाशे नव्हतं. ते आम्ही मुलांनी ठेवलेलं. सावद्याच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि वर्गाकडे तोंड करून, हात मागे नेऊन, फळ्यावर जळगाव जिल्ह्याचा नकाशा काढायचे. तापी कुठे वळते, गिरणा तिला कुठे येऊन मिळते, सातपुड्याची रांग कुठून कुठे जाते, सगळं जागच्या जागी. असा हा माणूस निवृत्त झाल्यावर दर रविवारी सातपुड्यात फिरायला जाई आणि दर रविवारी वाट चुके. मी त्यांच्याबरोबर दोन हिवाळे चाललो. शेवटचा रविवार सोडला तर ठरवलेल्या ठिकाणी आम्ही एकदाही पोचलो नाही.

मी काही डोंगराचा शौकीन नव्हे. माझं सावद्यात कृषी केंद्र आहे आणि दिवसभर खुर्चीत बसून मला साखर लागली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. सर दुकानात येत, त्यांना हे कळलं, तेव्हा म्हणाले, "रविवारी पहाटे ये. होक्याला पण सोबत होईल." होक्या म्हणजे त्यांचा कुत्रा. पूर्ण नाव होकायंत्र.

हा कुत्रा त्यांना त्याआधीच्या पावसाळ्यात पाल गावाच्या रस्त्याला सापडला होता. तांबूस रंग, एक कान अर्धा, मागचा पाय गाडीखाली आलेला, गळ्यात तुटलेला दोर. सरांनी त्याला शाल गुंडाळून मोटारसायकलवर घरी आणलं आणि गुरांच्या डॉक्टरकडून पाय बांधून घेतला. गळ्यात दोर होता म्हणजे तो कुणाचा तरी होता. त्याचा मालक वरच्या कुठल्या तरी पाड्यावर असणार, कुत्रा बरा झाला की त्याला डोंगरात मोकळं सोडायचं, तो आपोआप घरी जाईल आणि आपण मागे मागे जाऊन मालकाला भेटू, असा सरांचा बेत होता. मला पहिल्याच रविवारी त्यांनी तो समजावून सांगितला. ऐकायला सोपा वाटला.

प्रत्यक्षात काय व्हायचं ते मला पुष्कळ दिवस उमगलं नाही. पायथ्याच्या गावात आम्ही गाडी लावायचो. सागाच्या रानातून वर चढलं की पहिला फाटा लागे. तिथे सर थांबत आणि कुत्र्याला म्हणत, "बोल होक्या, कुठे?" होक्या सरांच्या तोंडाकडे बघत बसे. सर त्याच्याकडे बघत. मी दोघांकडे बघे. पाच-पाच मिनिटं असं चाले. शेवटी सर कंटाळून एखाद्या वाटेला लागत, होक्या लगेच त्यांच्या मागे निघे, आणि थोडं पुढे गेल्यावर सर मला सांगत, "बघ, त्यानंच निवडली ही वाट." मी मागे वळून पाही, तर कुत्रा माझ्याही मागे असे.

मी एकदा मोबाइलवर नकाशा उघडला. सरांनी तो हातात घेऊन कौतुकानं पाहिला, कुठली रेषा कशाची ते मला उलट समजावून दिलं आणि मोबाइल बंद करून माझ्याच खिशात ठेवला. म्हणाले, "बॅटरी राहू दे. घरी फोन करायला लागेल." आणि लागलाच. त्या दिवशी आम्ही एक आख्खी रांग चुकीच्या बाजूला उतरून मध्य प्रदेशात पोचलो. तिथून एका जीपनं आणि मग एसटीनं परत आलो, होक्या सीटखाली, वर सरांची शाल. कंडक्टरला दिसला, पण त्याला शेपूट हलवताना पाहून तो पुढच्या सीटकडे वळला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. सरांनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं की आज राज्य ओलांडलं.

खाण्याच्या बाबतीत मात्र सरांचं काटेकोर होतं. काकूंनी दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि कांदा. फडकं सोडलं की पहिला घास होक्याचा. ठेचा लागलेला भाग ते बोटांनी खरवडून काढत आणि उरलेला तुकडा त्याच्यापुढे ठेवत. तो खाईपर्यंत स्वतः हात लावत नसत. मी एकदा थट्टेनं म्हटलं की सर, इतके लाड केले तर हा मालकाकडे कशाला जाईल. सर हसले नाहीत. "तो जनावर आहे. त्याला आपलं घर कळतं," एवढंच म्हणाले आणि लवकर उठले.

दुसरा हिवाळा संपत आला होता. पळस फुलायला लागला होता. त्या रविवारी पहिल्या फाट्यावर सर थांबलेच नाहीत. मला वाटलं, लक्ष नाही. दुसऱ्या फाट्यावरही तसंच. मी दोनदा विचारलं, आज कुठे? ते चालत राहिले. एरवी झाडांची नावं सांगत चालणारा माणूस त्या दिवशी गप्प होता आणि होक्या त्यांच्या पायात पायात करत होता. एक कोरडा नाला ओलांडला आणि कुत्रा एकदम थबकला. नाक वर केलं. मग सुटला तो दगडांवरून उड्या मारत वर दिसेनासा झाला. मी हाक मारणार तोच सरांनी माझा दंड धरला.

वर पाच-सहा घरांचा पाडा होता. पहिल्याच अंगणात एक म्हातारा पावरा आदिवासी तुरी झोडत बसला होता. नानसिंगबाबा त्यांचं नाव, हे नंतर कळलं. होक्या त्यांच्या मांडीत तोंड खुपसून अंग घुसळत होता आणि म्हातारा त्याच्या अर्ध्या कानाला धरून "भुऱ्या, भुऱ्या" असं अगदी हळू म्हणत होता. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "या सर, बसा," म्हणाले आणि खाट पुढे ओढली. हा सरांना सर कसा म्हणतो, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग वाटलं, चष्म्यावरून म्हणाला असेल.

सर खाटेवर बसले. कुत्रा कुठे सापडला, पाय कसा बरा झाला, हे त्यांनी थोडक्यात सांगितलं. मग म्हणाले, "थंडीत पाय दुखतो त्याचा. मागचा, उजवा. रात्री तेल चोळावं लागतं."

"चोळीन," नानसिंगबाबा म्हणाले.

"ढग गडगडले की आत घ्यायचं. बाहेर बांधायचं नाही."

"नाही बांधणार."

आम्ही बिनदुधाचा चहा प्यायलो आणि उठलो. कुत्रा अंगणाच्या टोकापर्यंत आमच्याबरोबर आला आणि तिथे मधोमध उभा राहिला. एकदा आमच्याकडे बघे, एकदा घराकडे. सर वळून म्हणाले, "होक्या, बस." दोन वर्षांत त्यानं त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बसला.

उतरताना सर पुढे होते. एकाही फाट्यावर थांबले नाहीत. कुठे वाट सोडून नाल्यातून जायचं, कुठला दगड डगमगतो, कुठे करवंदीच्या जाळीखालून वाकायचं, सगळं त्यांना माहीत होतं. दीड तासात आम्ही गाडीशी. मी घामानं थबथबलो होतो आणि डोक्यात नुसता गोंधळ. ही वाट यांना ठाऊक होती, मग दोन हिवाळे आम्ही काय करत होतो? आठवडाभरानं धीर करून विचारलं. ते ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न घेता, यंदा केळीवर करपा कितपत आहे, ते मला विचारलं.

त्यानंतर ते डोंगरात गेले नाहीत. मी गावाबाहेर केळीच्या बागांमधून चालू लागलो, ते माझ्याबरोबर नदीच्या पुलापर्यंत येत. वाटेत एखादं कुत्रं आडवं आलं तर थांबून त्याला जाऊ देत. मागच्या पावसाळ्यात त्यांना काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत ते गेले.

दसऱ्यानंतर मी एकटाच नानसिंगबाबांना सांगायला वर गेलो. तीनदा वाट चुकलो. भुऱ्यानं मला ओळखलं, माझ्या मागे कुणी येतंय का ते नाल्यापर्यंत जाऊन पाहून आला. सर गेल्याचं ऐकून म्हाताऱ्यानं भुऱ्याला जवळ ओढलं. मग म्हणाला, "चांगला माणूस. कुत्रा आणायच्या आधी दोनदा आला होता. एकटा."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. पहिल्या खेपेला सर नुसतं विचारत आले होते, इथे कुणाचा कुत्रा हरवलाय का. माझा, असं बाबांनी सांगितलं. कुत्रा नाही म्हणून बिबट्यानं दोन शेळ्या नेल्या, हेही सांगितलं. सर चहा पिऊन, कुत्रा आपल्याकडे आहे हे न सांगताच निघून गेले. दुसऱ्या खेपेला महिन्याभरानं आले ते डोक्यावर लोखंडी जाळीचं भेंडोळं घेऊन. बाबांबरोबर दिवसभर राबून शेळ्यांच्या गोठ्याला जाळी ठोकली. कुत्र्याचं नावही काढलं नाही. "मला कळेना, हा मास्तर मला जाळी कशाला देतो," नानसिंगबाबा म्हणाले. तिथून पुढे कुत्रा वर यायला वर्ष गेलं.

म्हणजे शेवटचं वर्षभर आम्ही मालकाला शोधत फिरत होतो तेव्हा सरांना घर ठाऊक होतं. मला राग आला की वाईट वाटलं, सांगता येत नाही. खाली आलो तो सरळ काकूंकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मले काही बोलले नई कधी," त्या म्हणाल्या. "फक्त होक्याले नेलं त्या दिवशी सकायी निघता निघता म्हणे, संध्याकायपासून एक भाकर कमी टाकजो."